पाखरांची आवक-जावक



होळी झाली की घरोघरी एकच काळजी सुरू होते. परीक्षा संपल्यावर पोरांना गुंतवायचे कशात? गावी पाठवावे तर गाडीभाडे, शिबिराला घालावे तर फी, आणि मोकळे सोडावे तर दिवसभर मोबाईल. यावेळी या सदरातून एक बिनखर्चाचा उद्योग सुचवतो. शंभर पानी वही, एक पेन्सिल आणि उघडे डोळे-कान एवढेच भांडवल. उन्हाळ्याच्या तोंडाला आपल्या भागात कोणती रानपाखरे येतात, कोणती जातात, कोणती बोलू लागतात, हे लिहून ठेवायचे.

कुणी म्हणेल, हा दुर्बीणवाल्यांचा शौक, आपल्या चाळीत आणि वस्तीत कसली पाखरे? पण होळीपासून मृगापर्यंतचे तीन महिने म्हणजे पाखरांच्या जगातली मोठी धांदल असते. हिवाळ्याचे पाहुणे परत निघतात, पावसाळ्याचे पाहुणे यायला लागतात आणि इथलेच रहिवासी घरटी बांधून पिले वाढवतात. यातले बरेचसे गच्चीवरून, गॅलरीतून, रेल्वेच्या खिडकीतून आणि विहाराच्या आवारातून दिसते.

मी कारकून माणूस आहे. कचेरीत आवक-जावक नोंदवही असते. आलेल्या कागदावर तारीख आणि क्रमांक पडला नाही तर तो कागद आलाच नाही असे धरतात. अर्जदाराने कितीही सांगितले तरी उपयोग होत नाही. पाखरांचेही तसेच आहे. ती येतात आणि जातात, पण लिहिले गेले नाही तर सरकारदरबारी ती नसतात. आणि जे कागदावर नाही त्याच्यावर भराव टाकायला वेळ लागत नाही.

जाणारे पाहुणे

आधी जावक पाहू. फाल्गुनात पळस, पांगारा आणि सावर फुलली की त्या झाडांवर मैनेएवढ्या पाखरांचा नुसता गोंधळ चालतो. अंग गुलाबी, डोके, पंख आणि शेपटी काळी, डोक्यावर तुरा. या भोरड्या. कुणी त्यांना पळसमैना म्हणतात. संध्याकाळी हजारोंचा थवा आकाशात धुरासारखा वळतो आणि एकदम झाडात उतरतो. ही पाखरे मध्य आशियाकडून आणि त्याच्याही पश्चिमेकडून हिवाळा काढायला येतात आणि एप्रिलमध्ये परत फिरतात. तिकडे टोळ आणि नाकतोडे खाऊन पिले वाढवतात. तुमच्या भागात शेवटचा थवा कोणत्या तारखेला दिसला, ही या वहीतली पहिली नोंद होऊ शकते.

दुसरे मोठे पाहुणे म्हणजे रोहित. यांनाच अग्निपंख किंवा फ्लेमिंगो म्हणतात. ठाण्याच्या खाडीत हे पक्षी मोठ्या संख्येने उतरू लागले ते १९९० च्या दशकात. साधारण हिवाळ्यात येतात आणि मे अखेर, कधी जूनच्या पहिल्या पावसापर्यंत थांबतात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या २०१९ च्या सुमाराच्या मोजणीत त्यांची संख्या लाखावर गेली होती. यात दोन जाती आहेत. मोठा रोहित उंच आणि फिकट, चिखलातले झिंगे-किडे खातो. लहान रोहित जास्त गुलाबी, तो मुख्यतः पाण्यातले सूक्ष्म शेवाळ गाळून खातो. त्यांचा गुलाबी रंग या अन्नातूनच येतो. पिलू जन्मते तेव्हा राखाडी-पांढरे असते.

हे पाहायला बोटीचे तिकीट काढलेच पाहिजे असे नाही. ओहोटीच्या वेळी मानखुर्द ते वाशी लोकलच्या खिडकीतून किंवा ऐरोलीच्या पुलावरून खाडीच्या चिखलावर गुलाबी पट्टा दिसला तर तो रोहितांचा असू शकतो. पुणे-सोलापूरकडच्या वाचकांना उजनी धरणाच्या पाण्यावर, भिगवणच्या बाजूला ते दिसतात. उन्हाळ्यात पाणी ओसरून चिखल उघडा पडतो आणि त्यांचे अन्न हाताशी येते.

या पाखरांमुळे काय झाले तेही सांगितले पाहिजे. २०१५ मध्ये ठाणे खाडीचा मोठा भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला. २०२२ मध्ये ती जागा रामसर करारातल्या, म्हणजे जगाने महत्त्वाच्या मानलेल्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. यामागे अनेक वर्षांच्या मोजण्या आहेत. कुणीतरी चिखलाच्या काठावर उभे राहून आकडा लिहीत होते, म्हणून खाडीला कागदावर नाव मिळाले.

पण रोहितांचे पोट एकट्या अभयारण्यावर भरत नाही. भरतीला खाडीचा चिखल पाण्याखाली गेला की ते काठच्या लहान तळ्यांवर येऊन थांबतात. त्यातली काही तळी अभयारण्याच्या रेषेबाहेर आहेत. २०२४ च्या उन्हाळ्यात नेरूळ भागात काही रोहित मेले. तळ्यात भरतीचे पाणी येण्याची वाट बुजली आहे, अशी पक्षीप्रेमींची तक्रार होती. त्याच वर्षी २० मे रोजी रात्री घाटकोपरच्या पंतनगर भागावर उतरत्या विमानाची एका थव्याला धडक बसली आणि ३९ रोहित मेले. वस्तीतल्या लोकांना अंगणात, रस्त्यावर गुलाबी पिसे आणि मोडलेले पंख सापडले. सकाळी कामाला निघालेल्या माणसांनी आयुष्यात पहिल्यांदा रोहित जवळून पाहिला, तो असा.

बोलू लागणारे रहिवासी

आता घराजवळचे पाहू. मार्च लागला की पहाटे कोकीळ सुरू होतो. तो बाहेरगावाहून येतो अशी पुष्कळांची समजूत आहे. खरे तर आपल्याकडे तो बाराही महिने झाडांत असतो, हिवाळ्यात गप्प बसतो एवढेच. 'कुहू' करणारा नर असतो, कोळशासारखा काळा आणि लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगावर पांढरे ठिपके. ती कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते. तेव्हा तुमच्या वस्तीत कोकीळ आहे याचा अर्थ जवळपास कावळ्याचे घरटे आहे. मुलांना ते शोधायला लावा, पण लांबूनच.

दुपारी सगळे सामसूम असते तेव्हा 'टुक टुक टुक' असा तांब्याच्या भांड्यावर हातोडी मारल्यासारखा आवाज येतो. तो तांबट. चिमणीपेक्षा थोडा मोठा, अंग हिरवे, कपाळ आणि छाती लाल, गळा पिवळा. पानांत बसला तर दिसत नाही. एखाद्या वाळक्या फांदीच्या टोकावर पाहा. ओरडताना त्याची चोच मिटलेली असते आणि गळा फुगतो. सुकलेल्या फांदीत भोक कोरून तो घर करतो. म्हणून पावसाळ्यापूर्वी झाडांची छाटणी होते तेव्हा त्याचे घर पिलांसकट खाली येण्याची भीती असते. छाटणीवाले आले की फांदीत गोल भोक आहे का ते पाहा आणि असेल तर त्यांना दाखवा. आपल्यातलेच लोक हे काम करतात. नीट सांगितले तर ऐकतात.

वैशाखात वड, पिंपळ, उंबर फळाला आले की सकाळी सहा ते आठ या वेळात त्या झाडाखाली उभे राहावे. वरून फळांची टरफले पडत असतील तर वर कुणीतरी जेवत आहे. विहाराच्या आवारात जुना पिंपळ असेल तर तो विसरू नका. कदाचित हरियाल दिसेल. याला हरोळीही म्हणतात. पारव्यासारखा आकार, अंगावर पिवळसर हिरवा रंग, खांद्यावर जांभळट छटा आणि पाय हळदीसारखे पिवळे. हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे. शासनाच्या पुस्तकात त्याचे चित्र असते, पण तो आपल्या डोक्यावर बसलेला असतो हे किती जणांना माहीत आहे?

येणारे पाहुणे

मेच्या मध्यानंतर आवक सुरू होते. वळवाचे वारे सुटले की नवरंग येतो. मैनेपेक्षा लहान, आखूड शेपटीचा, अंगावर हिरवा, निळा, पिवळसर, काळा, पांढरा आणि पोटाखाली लाल रंग. हिवाळा त्याने दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढलेला असतो. आता तो सह्याद्री आणि मध्य भारताच्या जंगलांत पिले वाढवायला निघालेला असतो. तो रात्री प्रवास करतो. मोठ्या शहराचे दिवे आणि काचा यांनी भांबावून काही पक्षी इमारतींवर आपटतात, काही थकून गॅलरीत किंवा जिन्यात येऊन बसतात. मुंबईत मे-जूनमध्ये असे नवरंग सापडतात.

तुमच्या दारात असा पाहुणा आला तर काय करावे? हाताळणे कमीत कमी. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात कापड घालून त्यात ठेवावा आणि खोके अंधाऱ्या, थंड, मांजर न पोचणाऱ्या जागी ठेवावे. चोच उघडून पाणी पाजू नये. ते श्वासनळीत जाऊन पाखरू मरते. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. आणि मुलांनो, किती सुंदर दिसला तरी तो पाळायचा नाही. पोपट, मुनिया, नवरंग, कोणतेही रानपाखरू पिंजऱ्यात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

याच सुमारास गावाकडे पावशा जोरात ओरडतो. शेतकऱ्याला त्याच्या आवाजात 'पेर्ते व्हा' ऐकू येते. पाठोपाठ येतो चातक. काळा-पांढरा, डोक्यावर टोकदार तुरा. यातले पुष्कळ चातक आफ्रिकेतून समुद्र ओलांडून मोसमी वाऱ्यांबरोबर येतात. तो फक्त पावसाचे थेंब पितो, ही कविकल्पना. त्याची मादी आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालते आणि सातभाई बिचारे ती वाढवतात. ज्या गावात पहिला चातक दिसेल त्या गावच्या वाचकाने त्या दिवसाची तारीख आणि पहिल्या पावसाची तारीख शेजारी शेजारी लिहावी. दहा वर्षांच्या अशा नोंदी साठल्या तर पाऊस आणि पाखरू यांचे नाते आपले आपल्यालाच कळेल.

आजोबांची न लिहिलेली वही

आता एक अवघड विषय. घरातल्या सत्तरी ओलांडलेल्या माणसाला विचारा, गिधाड कसे असते? ते हाताने पंखांची रुंदी दाखवतील. गावाने आपल्या माणसांवर मेलेली जनावरे ओढण्याचे काम लादले होते. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस सोडण्याचे आवाहन केले आणि गावोगाव आपल्या लोकांनी, पोटाला चिमटा काढून, गावकऱ्यांचा मार खाऊन, ते जिणे झुगारले. त्याबद्दल हळहळ नाही, अभिमानच आहे. पण त्या पिढ्यांनी गिधाडे जितकी जवळून पाहिली तितकी कुणी पाहिली नसतील. कोणते आधी उतरते, कोणते मागे थांबते, किती वेळात सांगाडा उरतो, हे त्यांना ठाऊक होते. ते कुठल्याही पुस्तकात उतरले नाही, कारण त्यांच्या हाती लेखणी येऊ दिली नव्हती.

पुढे १९९० च्या दशकात गिधाडे एकाएकी नाहीशी होऊ लागली. पांढऱ्या पाठीची गिधाडे तर शंभरातली नव्याण्णव गेली. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाचा अंश मेलेल्या जनावरात राहतो आणि ते खाल्ले की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते, हे २००४ मध्ये जगापुढे आले. भारताने २००६ मध्ये गुरांसाठी हे औषध बंद केले. काही गिधाडे अजून आहेत. रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातल्या चिरगावच्या उंच झाडांवर ती घरटी करतात. उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्यांची पिले पंख पसरून घरट्याबाहेर येतात. कोकणात जाणाऱ्यांनी आकाशात पाहावे. शेपटी आखूड, पंख रुंद, एकदाही न फडफडता गोल गोल फिरणारा पक्षी दिसला तर तारीख आणि गाव लिहावे.

आणि घरात म्हातारे माणूस असेल तर या सुट्टीत नातवंडाने त्यांच्याजवळ बसून ही माहिती लिहून घ्यावी. त्यांच्या गावी गिधाड शेवटचे कधी दिसले? माळढोक, तणमोर ऐकला होता का? पाखरांची तिकडची नावे कोणती? मारुती चितमपल्ली यांनी वनखात्याची नोकरी करता करता आदिवासींकडून आणि रानात राबणाऱ्या माणसांकडून पाखरांची नावे गोळा केली आणि मराठीला 'पक्षिकोश' दिला. २०२५ मध्ये ते गेले. अजून किती गावांतली किती नावे वहीबाहेर आहेत!

खोटी नोंद

नोंद ठेवायची तर खरी. खोट्या नोंदीने काय होते त्याचा दाखला आपल्याच खानदेशात आहे. रानपिंगळा नावाचे एक छोटे घुबड. १८७३ मध्ये त्याचे वर्णन प्रथम केले ते ॲलन ह्यूम यांनी, ज्यांचे नाव पुढे काँग्रेसच्या स्थापनेत येते तेच. १८८४ नंतर हा पक्षी कुणाला खात्रीने सापडला नाही. मात्र रिचर्ड मायनर्ट्झहागन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात एक नमुना होता. तो १९१४ मध्ये तापीकाठी गुजरातेत मांडवीला मिळाला, असे त्याच्या चिठ्ठीवर लिहिले होते. पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो तपासला आणि उघडकीस आणले की तो जुनाच नमुना संग्रहालयातून चोरून त्यावर नवी चिठ्ठी लावली होती. ही खोटी नोंद शोधाची दिशा चुकवत होती. ती बाजूला ठेवून, ज्या ठिकाणांच्या नोंदी खऱ्या होत्या तिथे शोध घेतला, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळच्या रानात रानपिंगळा झाडावर बसलेला दिसला. ११३ वर्षांनी! पुढे मेळघाटात आणि २०१४ मध्ये मुंबईला पाणी देणाऱ्या तानसाच्या जंगलातही तो आढळला.

म्हणजे पाखरू होते तिथेच होते. तिथल्या रानात राहणाऱ्यांच्या आसपास वावरत होते. एका मोठ्या माणसाच्या खोट्या चिठ्ठीला जेवढे वजन मिळाले तेवढे त्यांच्या डोळ्यांना कुणी दिले नाही.

वही कशी लिहावी

पद्धत सोपी आहे. पानावर उभ्या रेघा मारून रकाने करावेत. तारीख, वेळ, ठिकाण, पाखराचे नाव, किती दिसले, काय करत होते, कुणी पाहिले. नाव ठाऊक नसेल तर रंग, आकार, चोच आणि आवाज लिहावा, अंदाजाने नाव ठोकू नये. 'पुष्कळ' असे न लिहिता मोजावे. थवा मोठा असेल तर दहादहाचे गट करून मोजावे. जे दिसले नाही ते लिहू नये, शेजारच्या मुलाच्या वहीत असले तरी.

ऐकीव समजुतींनाही थारा देऊ नये. टिटवी ओरडली की कुणी मरते, पिंगळा बोलला की अशुभ, असे अजून म्हणतात. टिटवी या दिवसांत उघड्या माळावर, खडीत, रुळाशेजारी चार ठिपकेदार अंडी घालते आणि माणूस, कुत्रा कुणीही जवळ आले की जिवाच्या आकांताने ओरडते. ती अंडी वाचवत असते, एवढेच. खडी फोडणाऱ्या, रस्त्यावर काम करणाऱ्या भावा-बहिणींनी ती अंडी पाहिली तर चार दगड लावून जागा राखावी.

मे महिन्यातल्या एका शनिवारी जगभरचे लोक एकाच दिवशी पाखरे मोजतात आणि ई-बर्ड नावाच्या संगणकातल्या मोफत नोंदवहीत भरतात. मोबाईल वापरणाऱ्या मुलांनी त्यात आपल्या वस्तीच्या नावाने नोंद करावी. त्यासाठी पदवी लागत नाही. डॉ. सलीम अली यांना विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे सरकारी प्राणिसर्वेक्षण खात्यात जागा मिळाली नव्हती. मग १९३० च्या पावसाळ्यात ते अलिबागजवळ किहीमला सुगरणीची घरटी रोज निरखत बसले. नर अर्धवट घरटी बांधतो, मादी पाहून पसंत करते आणि मग घर पुरे होते, हे त्यांनी नोंदींच्या आधारे दाखवले. पुढे देशाने त्यांना पक्षिशास्त्रातला मोठा माणूस मानले. त्यांच्याजवळ चिकाटी होती आणि वही होती.

आयांनो, गच्चीवर किंवा खिडकीत मातीच्या पसरट भांड्यात रोज ताजे पाणी ठेवा. पाणी साचून डास होणार नाहीत एवढे पाहा. भांड्यावर कोण आले ते पोरांना लिहू द्या. तरुणांनी आपल्या वस्तीजवळचे तळे, नाला, खाडीचा काठ महिन्यातून दोन रविवार पाहावा. उद्या तिथे भराव पडला आणि अर्ज करायची वेळ आली, तर 'इथे पूर्वी पाखरे यायची' या वाक्याला साहेब हसतील. पण तारीखवार दोनशे नोंदी अर्जाला जोडलेल्या असल्या तर त्या फायलीतून काढून टाकणे त्यांना जड जाईल. हे मी इतकी वर्षे फायली हाताळून सांगतो.

मृगाचा पाऊस पडला की पहिली वही बंद करा आणि शेवटच्या पानावर सही करा, मुलांकडूनही करून घ्या. पुढच्या होळीला ती पुन्हा उघडायची आहे, भोरड्या केव्हा परतल्या ते ताडून पाहायला.